डब्याच्या तळच्या नेवऱ्या

चवथ संपली, गणपती विसर्जनाला व्हाळात पोचला, की दुसऱ्या दिवशी मी नेवऱ्यांचा पत्र्याचा डबा अंगणात आणून उपडा करायची. डबा धुऊन उन्हात ठेवायचा असायचा. तळाला बऱ्याच नेवऱ्या उरलेल्या असायच्या आणि त्या सगळ्या एकाच हाताच्या असायच्या. माझ्या धाकट्या जावेच्या. आठ वर्षं हे असंच चाललं. घरी आलेला पाहुणा म्हणजे देव, असं जे लोक सांगतात, त्यांनी बहुतेक कधी पाहुण्यांची उष्टी ताटं काढलेली नसावीत.

नेवरी म्हणजे करंजी. आमच्या पेडण्यातल्या घरात ती कातणाने कापत नाहीत. कातण फिरवलं की सगळ्या सारख्या दिसतात, बाजारातून आणल्यासारख्या. आम्ही काठ बोटांनी दुमडत जातो, त्याला मुरड म्हणतात. मुरड प्रत्येक बाईची वेगळी पडते. माझी जाड, सुंभासारखी, कारण मला घाई असते. माझ्या सुनेची सैल, तळताना तोंड उघडते आणि तेल खराब करते. धाकट्या जावेची बारीक, वेणीच्या शेंड्यासारखी. ती वाळपईकडची, आईकडून शिकून आलेली. लग्न होऊन आली त्या वर्षी सासूने तिची पहिली नेवरी जनेलापाशी नेऊन खिडकीच्या उजेडात धरली आणि मला बोलावून सांगितलं की मुरड म्हणतात ती ही. मी तिच्याआधी चार वर्षं त्या चुलीपुढे बसत होते. मला राग आला होता, अजून आठवतो.

त्या काळी आलेले लोक डब्यात हात घालून तिच्याच नेवऱ्या शोधायचे. माझ्या तळाला राहायच्या. त्याचं मला दुःख झालं असं म्हणणार नाही, पण डबा धुताना दिसायचं.

मग तिला कोड आलं. आधी ओठांच्या कडेला, मग बोटांवर. पीठ मळून हात न धुतल्यासारखी बोटं दिसायची. म्हापशाच्या डॉक्टरने सांगितलं की हे शिवल्याने लागत नाही, खाण्यातून लागत नाही, कशातूनच लागत नाही. दिराने ते घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. तो पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा, खाण बंद पडल्यापासून घरीच होता आणि बायकोला घेऊन डॉक्टरांकडे फिरत होता. लोकांनी ऐकून घेतलं, माना हलवल्या. नंतर तिने चहाचा कोप दिला तर हातात घ्यायचे आणि थंड होईपर्यंत तसाच धरून बसायचे. जाताना मेजावर ठेवायचे, वर साय धरलेली.

तोंडावर कोणी काही बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

चवथीला आमच्याकडे येणारा माणूस काय काय करतो ते मी चाळीस-पन्नास वर्षं बघते आहे. पाच मिनिटांसाठी आलो म्हणून दारात चपला काढतो आणि जेवून जातो. गणपतीवर फळं-पानं टांगलेल्या माटोळीकडे मान वर करून बघतो, तिच्यासाठी आमच्या माणसांनी रानात काट्यांत शिरून आणलेल्या फळांचे फोनवर फोटो काढतो, आणि गणपतीला हात जोडायचे राहिले हे त्याला अंगणात गेल्यावर आठवतं. कोणी मिठाईचा खोका आणतात, तो उघडला की आत दुसऱ्याच घराच्या नावाची चिठ्ठी निघते. आरतीला आलेले बाप्ये घुमटावर, त्या मातीच्या वाद्यावर, थाप मारून घसा सुकला म्हणतात, उसळ-पाव खाऊन बोटं पडद्याला पुसतात. एकदा सोफा हलवला तर मागे अर्धा लाडू आणि मुंग्यांची रांग. एकदा न्हाणीत गेलेल्या पाहुणीने माझा अंग पुसायचा तुवाला पाय पुसायला वापरला आणि परत दांडीवर टाकला. मला या सगळ्याची शिसारी येते. तरी मी हसून चहा देते, कारण माझी आई माहेरी तेरेखोलला म्हणायची की यजमानाने वाढावं आणि पाहुण्याने वाढलेलं खावं, याच्यापुढे पाहुणचारात काही नसतं. ताटात निवडानिवड करणाऱ्याला ती पुन्हा बोलवत नसे.

आमच्याकडे आठ वर्षं निवडानिवड चालली. माझी नणंद डिचोलीला दिलेली. ती पाचही दिवस माहेरी राहते. डबा पुढे केला की तिचा हात आत जायचा आणि थांबायचा. बोटांच्या टोकांनी काठ चाचपायचा. बारीक लागला की सोडायचा, जाड लागला की उचलायचा. आंधळी बाई तांदळातले खडे वेचते तसं. डोळे मात्र माझ्याकडे, बोलणं पावसाचं नाही तर सुनेचं. शेजारचे निवृत्त मास्तर थोडे सभ्य. ते डब्यात बघायचे, चष्मा वर करायचे आणि म्हणायचे की मधुमेह आहे, एकच घेतो. ती एक नेहमी माझी निघायची. लहान मुलांनासुद्धा आयांनी शिकवून ठेवलेलं.

देवाच्या नैवेद्याचे मोदक मात्र तीच करायची. सासू असल्यापासून ते तिचं काम, आणि ते कोणी काढून घेतलं नाही. देव तक्रार करत नाही ना.

आणि मी? मी लोकांदेखत तिची एक नेवरी बशीत घ्यायची. सगळ्यांनी बघावं म्हणून घ्यायची. मग बशी घेऊन स्वयंपाकघरात जायची आणि भाजीच्या सालींची बाल्द असायची तिच्यात टाकून वर साली ओढायची. दरवर्षी. डॉक्टरचं सगळं मला समजलं होतं. मी चौथी शिकलेली असले तरी तेवढं समजतं. पण ती नेवरी तोंडाजवळ नेली की ती बोटं दिसायची आणि हात खाली यायचा. याला दुसरं नाव देता येत नाही. किळस ती किळसच. नणंदेत आणि माझ्यात फरक एवढाच होता की ती डब्यातच निवडायची आणि मी नाटक करायची.

दोन वर्षांपूर्वी चवथीच्या आधी नारळ काढले, तीळ भाजले, रवा मळून झाकून ठेवला आणि मी जावेला हाक मारली. आमच्या चुली वेगळ्या, गणपती एक. ती आली, पण पाटावर बसली नाही. दाराला टेकून उभी राहिली.

म्हणाली, "वैनी, औंदा मी बसणंय नाय. माझ्यो नेवऱ्यो कोण खाता? गोरवां."

ते खरंच होतं. तळाला राहिलेल्या आम्ही गाईलाच घालायचो, आणि गाईचं सगळं तीच बघते. मी म्हटलं, खातात लोक, तुला वाटतं तसं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली की तिला दुसरं काही नको, डाग जायला नकोत, कोणी गोड बोलायला नको. "एका चवथीक तरी लोकांनी माझ्या हातचां खाल्लेलां माका बघूचां आसा. मग नाय बसलंय तरी चलात."

ती रडली नाही. ती रडणाऱ्यांतली नाही, म्हणून माझं तिच्याशी जमतं.

मी पिठाचा गोळा हातात घेतला आणि म्हटलं, "तर मग मुरड बदलूया. तू माझी घाल, मी तुजी घालतंय."

तिला ते लगेच पटलं नाही. देवासाठी करायच्या वस्तूत लबाडी कशाला, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, देव मुरड बघत नाही, मुरड बघणारे दुसरे आहेत. मग ती बसली.

माझी मुरड तिला पहिल्या तीन नेवऱ्यांत आली. अशी ओबडधोबड मुरड घालायला काय लागतं. तिची मला दोन दुपारी बसूनही नीट आली नाही. माझी बोटं सांध्यांत सुजलेली, एवढा बारीक काठ चिमटीत राहीना. ती समोर बसून सांगायची, अंगठा दाबू नको, फक्त वळव. मी दाबायचीच. एकदा ती म्हणाली की ही नेवरी नव्हे, बेडकाचं तोंड आहे. आम्ही दोघी हसलो. सुनेला काय चाललंय ते कळलं होतं. ती तळत होती आणि काही विचारत नव्हती. विचारणारी नाही तीही.

तळून झाल्यावर बघितलं तर लांबून कळलं नसतं. जवळून कळलं असतं, माझी बारीक मुरड मध्येच जाड व्हायची. पण मला खात्री होती की कोणी जवळून बघणार नाही. लोक चांगलं शोधत नव्हते, टाळायचं ते शोधत होते.

तसंच झालं. चवथीच्या दिवशी डबा पुढे केला. नणंदेचा हात आत गेला, बोटांनी काठ चाचपला, बारीक सोडला, जाड उचलला. तिने एक खाल्ली, दुसरी खाल्ली, तिसरी बोलता बोलता घेतली. सारण ओठांना लागलं होतं ते जिभेने आत घेतलं. म्हणाली, "वैनीच्या हाताची चव कोणाक येवची नाय." मास्तरांनी चष्मा वर केला, जाड मुरडीची घेतली, आणि त्या वर्षी मधुमेह असूनही दुसरी घेतली. आरतीवाल्यांनी ताट साफ केलं. माझ्या, म्हणजे बारीक काठाच्या, तशाच पडून होत्या.

जाऊ चहाचं ताट घेऊन दारात उभी असायची आणि बघायची. मला वाटलं होतं तिला मजा वाटेल. मला तर वाटत होती. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम डबा फिरवला, नको म्हणणाऱ्यांनाही आग्रह केला. त्यांचे गाल हलताना बघून मला आत हसू फुटायचं आणि त्यांची शिसारीही यायची. जिभेला काही कळत नव्हतं. बोटांनी सांगितलं की वैनीची, तर चव वैनीची. अशा माणसांसाठी मी आयुष्यभर नारळ किसले.

पण तिच्या तोंडावर काही दिसत नव्हतं. चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघरात तिला विचारलं की बघितलंस ना, झालं ना तुझ्या मनासारखं. ती कोप विसळत होती. साबांवाचा फेस करून दोनदा विसळला, मग म्हणाली की खातात ते तुझ्या नावाने खातात, त्यात माझं काय. मला राग आला. मी दोन दुपारी बोटं दुखवून घेतली होती. मी म्हटलं की तुला काही केलं तरी पुरत नाही. तिने पुढचा कोप विसळायला घेतला.

पाचव्या दिवशी विसर्जनाची आरती व्हायची होती. खोलीत मास्तर, त्यांची बायको, आरतीची चार माणसं. नणंद निघायच्या तयारीत. तिला माहेराहून न्यायचं सगळं बांधून दिलं होतं. वर तिने एक रिकामा स्टीलचा डबा काढला आणि म्हणाली की नातवासाठी थोड्या नेवऱ्या भरून दे. मी डबा भरायला घेतला तर म्हणाली, थांब, मीच घेते. आणि सगळ्यांच्या देखत मोठ्या डब्यात हात घालून एकेक चाचपून जाड तेवढ्या उचलून भरू लागली. बारीक लागली की बाजूला सारत होती. एक बारीक चुकून वर आली तर ती दोन बोटांत धरून परत टाकली, पाल धरावी तशी.

जाऊ पाण्याचं ताट घेऊन आत आली होती. तिने ताट मेजावर ठेवलं.

"वन्सं," ती म्हणाली, "त्यो माझ्या हातच्यो. मुरड तेवढी वैनीची."

नणंदेला आधी कळलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी काही बोलू नये असं मला वाटत होतं, इतकी वर्षं मी काही बोललेच नव्हते. पण ती माझ्याकडेच बघत राहिली, म्हणून मी सांगितलं की खरं आहे, आम्ही मुरड बदलली, जाड त्या सगळ्या हिच्या.

नणंदेचा हात तोंडावर गेला. मग ती उठून मागच्या दाराला गेली. नळ सुटला, चुळा ऐकू आल्या, एक, दोन, तीन, मग खाकरणं. पाच दिवस खाल्लेलं चुळांनी निघतं असं कोणी तिला सांगितलं देव जाणे. आरतीचा एक माणूस घुमटाच्या कातड्याकडे बघत बसला. मास्तरांच्या हातात अर्धी नेवरी होती. ते म्हणाले, "तसं काही नसतं. हे शास्त्राने सिद्ध झालंय." म्हणाले आणि ती अर्धी नेवरी बशीच्या कडेला ठेवली, वर कागदाचा रुमाल पसरला. मास्तरांच्या बायकोने तेवढ्यात बशी उचलून दुसऱ्या बशीखाली सारली.

नणंद पदराला तोंड पुसत परत आली. म्हणाली, "देवाच्या म्होऱ्यात फसवलात माका."

मी म्हटलं, "पाच दिस खाल्लंस. पोट दुखलां?"

तिने पिशवी उचलली. स्टीलचा डबा होता तिथेच मेजावर राहिला, अर्धा भरलेला, झाकण बाजूला. विसर्जनालाही थांबली नाही. माझा मुलगा तिला गाडीवरून सोडून आला.

आरती झाली, गणपती गेला. माणसं परत आली ती अंगणातूनच गेली. प्रसाद हातावर घेऊन, आत न येता. घर रिकामं झालं. माटोळीखालची जागा नेहमीपेक्षा मोठी दिसत होती. सून झाडू लागली. मी आणि जाऊ स्वयंपाकघरात बसलो. मी तिला विचारलं की आता बरं वाटतंय का. मला वाटलं ती नाही म्हणेल, कारण सगळ्यांसमोर तिची शोभा झाली होती. ती म्हणाली की हो, वाटतंय. खाताना बघून वाटलं नाही, सांगितल्यावर वाटलं. त्या चुळा ऐकल्यावर सगळ्यात जास्त वाटलं. निदान आता कोणी मधुमेह आहे म्हणणार नाही.

मेजावरचा नणंदेचा डबा तिने उचलून आणला आणि आमच्या दोघींच्या मध्ये ठेवला. मोठ्या डब्यातली एक बारीक काठाची, म्हणजे माझी, काढून तिने चावली. म्हणाली की सारण बरं आहे, मुरड मात्र बेडकाचीच. मग तिने नणंदेच्या डब्यातली एक उचलून माझ्यापुढे धरली. बशीत ठेवली नाही, हातात धरली. अंगठ्यावर पांढरा डाग, नखाच्या मुळापर्यंत.

मी घेतली. सालींची बाल्द माझ्या पायाशीच होती. माझी नजर एकदा तिकडे गेली असेल.

ती म्हणाली, "आठ वर्षां झाली, वैनी. बाल्द गोठ्यात मीच नेतंय."

आठ वर्षं दर चवथीला तिने गाईपुढे बाल्द ओतताना सालींमधून आपली नेवरी बाहेर पडलेली बघितली होती. आख्खी, एकसुद्धा चावा न घेतलेली. नणंदेने निदान तोंडावर फसवलं नव्हतं. आणि तरी ती माझ्याबरोबर दोन दुपारी मुरड घालत बसली होती.

मी नेवरी तोंडात घातली. खरं सांगायचं तर तेव्हाही किळस आली. मी पाणी न पिता चावत राहिले आणि गिळली. ती बघत होती. चांगली होती म्हणावं तर खोटं ठरेल, चव लागलीच नाही. दुसरी मी माझ्या हाताने घेतली. ती थोडी कमी जड गेली. तिसरीला वेलची लागली.

मागच्या चवथीला नणंद आली. दीड दिवस राहिली, घरून आणलेले लाडू खाल्ले. मास्तर आले नाहीत, बायकोला बरं नव्हतं म्हणे. आरतीवाले तिघेच आले आणि उभ्याउभ्याच गेले. पीठ निम्म्याने कमी मळावं लागलं, तेल वाचलं, सोफ्यामागे लाडू सापडला नाही. जावेने तिची मुरड घातली, मी माझी. खाणारे आम्ही घरचेच. डबा अंगणात उपडा केला तेव्हा तळाला ज्या होत्या त्यांतल्या जास्त माझ्याच होत्या. जावेने बघितलं आणि ती म्हणाली की यापुढे तुला माझी मुरड शिकायला आणखी दोन दुपारी बसावं लागेल. बोटं दुखतात म्हणून मी सध्या नाही म्हटलं आहे.